धनुष्यात अंग घालावे लागते : इंग्रजी युद्धधनुष्याविषयी वाचकांचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी मी याच मासिकात मध्ययुगीन इंग्रजी युद्धधनुष्य घडवण्याच्या आणि चालवण्याच्या माझ्या छंदाविषयी लिहिले होते. नोकरीनिमित्त इंग्लंडला आल्यावर एका हिवाळ्यात मला या धनुष्याचे वेड लागले, ते आजतागायत सुटलेले नाही. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतर वाचकांनाही उपयोगी पडतील, ती येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या धनुर्विद्या क्लबात एक ज्येष्ठ सभासद ४५ पौंडांचे (म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारे) लांब लाकडी धनुष्य आणतात आणि त्याला ‘इंग्लिश लाँगबो’ म्हणतात. तुम्ही वर्णन केलेले युद्धधनुष्य त्याहून वेगळे कसे? आणि पाचशे वर्षांपूर्वीची धनुष्ये किती कडक होती, हे आज कशावरून सांगता येते? (वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही धनुष्ये एकाच वंशातली आहेत, परंतु त्यांचे काम निराळे आहे. आपल्या क्लबातील धनुष्य हे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, नेमबाजी हा सभ्य करमणुकीचा खेळ झाल्यानंतर रूढ झालेल्या घडणीचे आहे. त्याची मूठ ताठ राहते, बाण हनुवटीपर्यंत ओढला जातो आणि शंभर यार्डांच्या आतले लक्ष्य अचूक साधणे हा त्याचा हेतू असतो. युद्धधनुष्याला वेगळी मूठच नसते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सलग, वर्तुळाच्या कमानीसारखे वाकते, म्हणजे हातात धरलेला मधला भागही किंचित वाकतो, आणि बाण कानापर्यंत किंवा त्याही मागे, सुमारे ३० इंच ओढला जातो.

ही धनुष्ये किती कडक होती, याविषयी फार काळ केवळ तर्कच चालत होते, कारण लाकूड टिकत नाही आणि मोडलेले धनुष्य चुलीत जाते. हे चित्र एका बुडालेल्या जहाजाने बदलले. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्‌स्मथजवळच्या सोलेंट खाडीत बुडाले, त्याचा अर्धा भाग गाळात रुतून राहिला, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तो सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. जहाजातून १७२ धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. गाळात हवा न पोहोचल्याने लाकूड इतके शाबूत राहिले होते की धनुष्यकाराच्या हत्यारांच्या खुणा आजही दिसतात. या धनुष्यांची लांबी साधारण १.८७ ते २.११ मीटर आहे. त्यांची मापे, ज्या यू नावाच्या सदाहरित झाडापासून ती घडवली त्याच्या लाकडाची ताकद आणि हुबेहूब घडवलेल्या प्रतिकृती यांवरून अभ्यासकांनी त्यांचा ताण, म्हणजे पूर्ण ओढण्यास लागणारा जोर, १०० ते १८५ पौंडांच्या दरम्यान काढला असून बरीचशी धनुष्ये दीडशे पौंडांच्या आसपासची आहेत. दीडशे पौंड म्हणजे सुमारे ६८ किलो. आपल्या क्लबातील धनुष्य २० किलोचे झाले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. इंग्रज धनुर्धरांनी फ्रेंचांविरुद्ध गाजवलेली क्रेसीची लढाई १३४६ ची आणि अ‍ॅजिनकोर्टची १४१५ ची, तर हे जहाज बुडाले १५४५ मध्ये. तेव्हा अ‍ॅजिनकोर्टच्या धनुर्धरांकडेही अशीच धनुष्ये होती असे म्हणणे हा अनुमानाचा भाग आहे. मला स्वतःला ते अनुमान योग्य वाटते, कारण चिलखते जसजशी सुधारत गेली तसतशी हलक्या धनुष्याची उपयुक्तता कमी होत गेली असणार. तरीही पुरावा आणि अनुमान यांतील रेघ पुसू नये.

पोर्ट्‌स्मथच्या मेरी रोझ संग्रहालयात ही धनुष्ये प्रत्यक्ष पाहता येतात. इंग्लंडला येण्याचा योग असेल तर एक पूर्ण दिवस त्यासाठी राखून ठेवावा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काचेपलीकडच्या एका धनुष्यासमोरच तासभर उभा होतो. एक गाठ चुकवण्यासाठी त्या अनाम कारागिराने तिच्याभोवती लाकूड जरासे उंच ठेवले होते, आणि माझ्या घरी त्याच आठवड्यात एक काठी अगदी तशाच गाठीपाशी मोडली होती.

प्रश्न : यू याच झाडाचे लाकूड का? आपल्या हिमालयातही यूचे झाड होते असे वाचले. ते मिळवून धनुष्य करता येईल का? नाहीतर आपल्याकडचे कोणते लाकूड चालेल? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : धनुष्य वाकते तेव्हा त्याच्या दोन बाजूंवर परस्परविरुद्ध जोर पडतो. लक्ष्याकडे असलेली बाजू, जिला आम्ही पाठ म्हणतो, ती ताणली जाते. धनुर्धराकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबले जाते. यूच्या खोडात सालीलगत फिकट पांढरे लाकूड असते, ते ताण उत्तम सोसते. आतला नारिंगी-तपकिरी गाभा दाब उत्तम सोसतो. कारागिराने फांदी अशी चिरायची की पाठीवर पातळसा पांढरा थर राहील आणि पोट गाभ्याचे होईल. जे काम इतरत्र दोन निरनिराळे पदार्थ चिकटवून करावे लागते, ते या झाडाने आधीच करून ठेवलेले असते. उंच डोंगरात सावकाश वाढलेल्या यूची वर्षवलये दाट असतात आणि तेच लाकूड श्रेष्ठ मानले जाते. इंग्लंडच्या चर्चआवारांत यूची पुरातन झाडे आहेत, पण ती वाकडीतिकडी आणि गाठाळ वाढतात, त्यामुळे चांगले लाकूड स्पेन, इटली आणि आल्प्सच्या भागातून आणावे लागे. त्यासाठी १४७२ मध्ये कायदा झाला की ठरावीक बंदरांतून माल आणणाऱ्या जहाजांनी दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत, आणि तिसऱ्या रिचर्डच्या काळात, १४८४ मध्ये, गोड माम्सी मद्याच्या प्रत्येक पिंपामागे दहा काठ्या बंधनकारक झाल्या. ही मागणी इतकी वाढली की मध्य युरोपातील यूची राने विरळ झाली.

हिमालयातील यू, ज्याला तिकडे थुनेर म्हणतात, तो याच कुळातला आहे. परंतु कर्करोगावरील औषधासाठी त्याची साल आणि पाने इतकी ओरबाडली गेली की आज ते झाड संकटग्रस्त मानले जाते आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. छंदासाठी त्याला हात लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मध्य युरोपात धनुष्यापायी जे घडले ते माहीत असताना तर मुळीच नाही.

आपल्या सह्याद्रीत धामण नावाचे झाड आहे. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असते आणि संस्कृतात त्याला धनुर्वृक्ष असेही नाव आहे. आपल्या पूर्वजांनी ते नाव उगाच दिलेले नाही. मात्र जंगलातून परस्पर तोड करू नये; वखारीतून पावतीसह जे मिळेल तेच घ्यावे. धामणीच्या पाठीवर चांगल्या पिकलेल्या बांबूची पट्टी चिकटवली तर नवशिक्याला पुष्कळ सुरक्षित धनुष्य मिळते. ते यूचे नव्हे, पण त्यात कमीपणा काहीच नाही. जेराल्ड नावाच्या धर्मगुरूने ११८८ मधील वेल्सच्या प्रवासाचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात वेल्शांची धनुष्ये रानटी एल्मची, खडबडीत आणि तरीही जबरदस्त असल्याचे म्हटले आहे. खुद्द इंग्लंडातही सर्वांना यू परवडत नसे. अ‍ॅश, एल्म, हेझल यांची धनुष्ये सर्रास होत.

प्रश्न : मी तीन महिन्यांपासून अ‍ॅशच्या काठीचे धनुष्य घडवत आहे. वरचा बाहू (मधल्या पकडीपासून टोकापर्यंतचा भाग) एका ठिकाणी जास्त वाकतो, म्हणून त्याच्या आजूबाजूला थोडे घासले, तर आता तेथे पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या आहेत. धनुष्य वाचेल का? माझे काय चुकले? (वाचक, लेस्टर)

उत्तर : त्या सुरकुत्या म्हणजे दाबाने चिरडलेले लाकडाचे तंतू आहेत. इंग्रज धनुष्यकार त्यांना ‘क्रिसल’ म्हणतात. एकदा पडलेली क्रिसल नाहीशी होत नाही. ती उथळ असेल, तर उरलेला सगळा बाहू आणि खालचाही बाहू अधिक वाकता करून त्या जागेवरचा भार काढून घ्यावा. धनुष्य वाचेल, पण ते तुम्ही मनात धरलेल्या ताणाचे राहणार नाही. ७० पौंडांचे करायचे होते ते कदाचित ५० वर थांबेल. हे मान्य करण्याची तयारी असेल तरच पुढे जा. सुरकुत्या बोटाला लागण्याइतक्या खोल असतील, तर ती काठी भिंतीवर टांगून ठेवावी आणि नवी घ्यावी.

आता चूक कोठे झाली ते पाहू. काठीला समान वाकायला शिकवण्याच्या क्रियेला टिलरिंग म्हणतात, आणि धनुष्य घडवण्याचे नव्वद टक्के कौशल्य याच एका क्रियेत आहे. तुम्ही लिहिता की जास्त वाकणाऱ्या जागेच्या ‘आजूबाजूला’ घासले. तत्त्व बरोबर आहे, परंतु आजूबाजूला म्हणजे लगत नव्हे. जी जागा अधिक वाकते तिच्यावर आणि तिच्या दोन्ही अंगांना निदान चार बोटे पेन्सिलीने फुली मारावी, आणि त्या फुल्यांना हत्यार लागता कामा नये. उरलेल्या ताठ भागातून लाकूड काढत जावे, म्हणजे तो भाग हळूहळू या दुबळ्या जागेच्या बरोबरीला येतो. लाकूड नेहमी पोटाकडूनच काढायचे. पाठ ही सालीखालच्या एका अखंड वर्षवलयाची असली पाहिजे. यूमध्ये वलये इतकी दाट असतात की थोडीफार चूक खपून जाते, अ‍ॅशमध्ये मात्र पाठीवरचे वलय तुटले की आज ना उद्या तेथूनच चीर उचलते.

दुसरे असे की प्रत्येक वेळी लाकूड काढल्यावर काठीला झालेला बदल लगेच कळत नाही. खरवडणीने दहा-पंधरा वेळा घासावे, मग दोरी लावून काठी तीस-चाळीस वेळा हलकेच ओढून सोडावी आणि त्यानंतरच आरशासमोर किंवा भिंतीवर आखलेल्या चौकटीसमोर तिची कमान तपासावी. या तीस-चाळीस ओढी वगळून जो घाईने पुन्हा रंधा उचलतो, त्याच्या हातून कालच्या चुकीवर आजची चूक चढते. माझी पहिली पाच धनुष्ये याच कारणाने मोडली. सहावे टिकले, कारण त्या वर्षी मला पाठदुखीमुळे एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक काम करता येत नव्हते.

तिसरे, ठरवलेल्या ताणापलीकडे धनुष्य कधीही ओढू नये. ७० पौंडांचे करायचे असेल, तर काट्यावर ७० दिसताच थांबावे, मग दोरी दहाच इंच का मागे आलेली असेना. तेथून लाकूड काढावे, म्हणजे पुढच्या वेळी ७० पौंडांवर ती अकरा इंच येईल, त्यानंतर बारा, आणि असे करत पूर्ण ओढीपर्यंत पोहोचायचे. इंग्रज धनुष्यकारांत एक जुने वाक्य चालत आले आहे की पूर्ण ओढलेले धनुष्य हे नऊ दशांश मोडलेले धनुष्य असते. म्हणून टिलरच्या, म्हणजे कमान तपासण्याच्या चौकटीच्या, खुंटीवर ओढून अडकवून, मागे सरून, निवांतपणे न्याहाळत बसू नये. ओढावे, पाहावे, सोडावे. कप्पीवरून दोर घेऊन दूर उभे राहून ओढता आले तर उत्तम, कारण मोडलेला बाहू कोणत्या दिशेला उडेल याचा नेम नसतो.

अ‍ॅशविषयी शेवटचे. हे लाकूड ताण फार चांगला सोसते, पण दाबाला त्या मानाने कमकुवत असते. यूसारखे पोट भरपूर गोलाई देऊन केले की सगळा दाब मधल्या अरुंद रेषेवर येतो, आणि तेथेच तुम्हाला सुरकुत्या पडल्या असाव्यात. पुढच्या वेळी पोट थोडे चपटे आणि बाहू थोडा रुंद ठेवा. काठी पुरेशी वाळली होती का, हेही तपासा. ओले लाकूड वाकते आणि वाकलेलेच राहते. आर्द्रता नऊ ते बारा टक्क्यांच्या दरम्यान असावी; आर्द्रतामापक नसेल, तर काठी दर आठवड्याला वजन करून पाहावी आणि सलग काही आठवडे वजन स्थिर राहिले की कामाला घ्यावी. पुढे कधी यू हाती घेतलात, तर तोंडावर मास्क लावल्याशिवाय घासू नका, कारण त्या झाडाचे लाकूड, साल, पाने, बिया सगळे विषारी आहे.

प्रश्न : माझे वय २४ आहे. गेली पाच वर्षे नियमित व्यायामशाळेत जातो आणि बऱ्यापैकी वजन उचलतो. थेट १४० पौंडांचे धनुष्य मागवून सुरुवात केली तर काय हरकत आहे? (वाचक, पुणे)

उत्तर : हरकत आहे, आणि ती मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. असे केल्यास तुमचा खांदा बहुधा पहिल्याच वर्षी दुखावेल, आणि खांद्याच्या सांध्याभोवतालचे स्नायुबंध एकदा फाटले की हा छंद तर जातोच, शिवाय रात्री कुशीवर झोपणेही अवघड होते.

व्यायामशाळेत कमावलेली ताकद येथे वाया जात नाही, पण ती पुरेशीही नसते. धनुष्य ओढताना वजन एका सरळ रेषेत वर-खाली होत नाही. एक हात लोटतो, दुसरा ओढतो, आणि दोन्ही खांद्यांची पाती पाठीत एकमेकांकडे सरकत असतात. जसजशी दोरी मागे येते तसतसे वजन वाढत जाते आणि ते सर्वांत जास्त तेव्हा होते जेव्हा हाताची पकड सर्वांत दुबळ्या स्थितीत असते. दंडाच्या बळावर ओढणारा माणूस ८०-९० पौंडांवर अडतो, मग तो कितीही धिप्पाड असो.

याचे सर्वांत सुंदर वर्णन धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर याने १५४९ मध्ये राजा सहाव्या एडवर्डपुढे दिलेल्या प्रवचनात आहे. वडिलांनी आपल्याला धनुष्य कसे शिकवले हे सांगताना तो म्हणतो की इतर देशांतले लोक हातांच्या जोराने ओढतात तसे नव्हे, तर धनुष्यात आपले शरीर कसे घालावे हे त्यांनी शिकवले. हा केवळ अलंकार नाही, प्रत्यक्ष कृती आहे. डावा हात खाली, कमरेतून अंग थोडे पुढे झुकलेले, अशा स्थितीत आरंभ करायचा आणि छाती उघडत, अंग सरळ करत, स्वतःच धनुष्य आणि दोरी यांच्यामध्ये शिरायचे. दोरी मागे नेण्यापेक्षा आपण धनुष्याच्या आत जात आहोत असे वाटले पाहिजे. पूर्ण ओढ झाली की तेथे रेंगाळायचे नाही. आधुनिक ऑलिंपिक धनुर्धर नेम धरून दोन-तीन सेकंद थांबतो, युद्धधनुष्यात ओढ आणि सुटका ही जवळजवळ एकच हालचाल असते.

हे अंगवळणी पडायला किती काळ लागतो, याचा पुरावा मेरी रोझवरच्या माणसांच्या हाडांत सापडला. काही सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचा हाडाचा तुकडा मूळ हाडाशी जुळलेलाच नाही. तो साधारणपणे वाढीच्या वयात जुळतो, आणि लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याने तो सुटा राहिला असावा, असे ती हाडे अभ्यासणाऱ्या संशोधकांचे मत आहे. त्या माणसांनी हे बळ एका वर्षात कमावले नव्हते.

माझा ठोकताळा असा आहे. पहिले सहा महिने ४५-५० पौंडांवर फक्त हालचाल बसवावी. नंतर एका वेळी दहा पौंडांहून अधिक वाढ करू नये, आणि नवे धनुष्य तेव्हाच घ्यावे जेव्हा आधीच्या धनुष्याने सलग तीस बाण सोडल्यावर तिसावा बाणही पहिल्यासारखाच पूर्ण ओढला जातो. आठवड्यातून दोनदा जड धनुष्य, एकदा हलके, बाकी विश्रांती. या वेगाने १०० पौंडांवर यायला तीन वर्षे लागू शकतात. मला चार लागली आणि आज मी १२० वर समाधानाने थांबलो आहे. इंग्लंडात आजही १६० पौंड आणि त्याहून जड धनुष्ये सफाईने चालवणारी माणसे आहेत. त्यांच्याकडे पाहिले की ताकदीपेक्षा आधी त्यांच्या पाठीची शांत, न थरथरणारी चाल नजरेत भरते.

प्रश्न : माझ्याकडे कार्बनचे चांगले बाण आहेत. ते ८० पौंडी लाकडी धनुष्यावर चालतील का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुळीच वापरू नका. हलका बाण धनुष्याची सगळी शक्ती घेऊन जाऊ शकत नाही. जी उरते ती धनुष्याच्या लाकडातच आदळते, म्हणजे दोरी रिकामी सोडल्यासारखेच होते. शिवाय कार्बनची नळी अशा धक्क्याने फुटली, तर तिच्या धारदार सळ्या डाव्या हातात घुसतात. साधा हिशेब असा की धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन निदान अर्धा ग्रॅम असावे. तुमच्या ८० पौंडांना ४० ग्रॅमच्या खालचा बाण नको, आणि लाकडी धनुष्याला त्याहून जड बाण अधिक मानवतो.

युद्धबाण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १३७१ पासून लंडनमध्ये धनुष्य करणाऱ्यांचा आणि बाण करणाऱ्यांचा संघही वेगळा आहे, यावरून त्या कामाची खोली कळावी. मेरी रोझवरचे बहुतेक बाण पॉपलरचे असून काही अ‍ॅश, बीच, बर्च यांचे आहेत. टोकाकडे सुमारे अर्धा इंच जाड आणि दोरी अडकवण्याच्या खाचेकडे निमुळती होत गेलेली काडी, खाच चिरू नये म्हणून तिच्यात आडवी बसवलेली शिंगाची पातळ चकती, आणि सहा-सात इंच लांबीची तीन पिसे, रेशमी धाग्याने गुंडाळून बसवलेली. हंसवर्गीय पक्ष्याच्या पंखांची पिसे यासाठी उत्तम, कारण ती भिजली तरी लवकर गळाठत नाहीत. आज छंदिष्टांत पाव पौंडी बाण, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमचा, मोठ्या मानाचा समजला जातो. तो जड धनुष्यातून सुटताना होणारा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. सुरुवातीला मात्र अकरा मिलिमीटरच्या सरळ दांड्या निवडून स्वतःचे सहाच बाण करावेत. सहाही एकाच वजनाचे झाले पाहिजेत, आणि त्यांतला फरक दोन ग्रॅमच्या आत आणायला किती दिवस जातात हे अनुभवानेच कळेल.

प्रश्न : इंग्रजांच्या बाणांनी फ्रेंच सरदारांची पोलादी चिलखते भेदली हे खरे की दंतकथा? (वाचक, पणजी)

उत्तर : चांगल्या पोलादी छातीपत्र्याबाबत बोलायचे तर बाण सहसा ते भेदत नसे. २०१९ मध्ये इंग्लंडात एका जाणत्या गटाने १६० पौंडी यू धनुष्य, सुमारे ८० ग्रॅमचे बाण आणि पंधराव्या शतकाच्या पद्धतीने घडवलेला छातीपत्रा घेऊन जवळून चाचणी केली. बाण पत्र्यावर फुटले किंवा घसरून गेले, आरपार एकही गेला नाही. पण घसरलेले बाण आणि फुटलेल्या काड्यांच्या चिरफळ्या गळ्याकडे, काखेकडे, दंडाकडे गेल्या, आणि तेथे केवळ कड्यांचे जाळे किंवा जाड कापड असे. घोड्यांना तर पूर्ण चिलखत क्वचितच असे. अ‍ॅजिनकोर्टला पाचव्या हेन्रीकडे सुमारे पाच हजार धनुर्धर होते, समोर नांगरलेले, पावसाने चिखल झालेले शेत होते, आणि त्या चिखलातून खाली मान घालून, बाणांचा मारा खात पायी येणारा सरदार जेव्हा इंग्रज फळीपाशी पोहोचे तेव्हा तो लढण्याआधीच दमलेला असे. मग धनुर्धर धनुष्य टाकून हातोडे आणि कट्यारी घेऊन त्याच्यावर तुटून पडत. बाणाने सैन्य थकवले, विखुरले आणि दाटीत लोटले, हे त्याचे खरे काम. एकेका पत्र्याला भोक पडले की नाही, या वादात ते झाकले जाते.

प्रश्न : आमची गावाकडे चार एकर मोकळी जमीन आहे. तेथे सराव करता येईल का? (वाचक, सातारा)

उत्तर : जवळच्या लक्ष्यावर, मागे मातीचा उंच बांध घालून, अवश्य करता येईल. लांब पल्ल्याचा सराव मात्र तेथे करू नये. ८० पौंडी धनुष्याचा चुकून उंच सुटलेला बाण दीडशे मीटरच्या पुढे जातो आणि चार एकरांची चौकोनी जमीन बाजूला सुमारे १२७ मीटरच भरते. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यात २४ वर्षांवरील पुरुषाने हलका, दूर जाणारा बाण वापरायचा असेल तर २२० यार्डांच्या आतल्या लक्ष्यावर मारू नये, असे कलम होते. म्हणजे दोनशे मीटर हा त्या काळी नेहमीचाच पल्ला समजला जाई. आपल्याकडे बांधावरून गुरे, माणसे, शाळेची मुले केव्हाही येतात. सराव करताना एक माणूस केवळ राखणीला उभा करावा, शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना आधी कल्पना द्यावी, आणि कोणत्याही प्राण्या-पक्ष्यावर बाण रोखू नये. शिकार आपल्याकडे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि इंग्लंडातही धनुष्याने शिकार करण्यास बंदी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने तुमचा लेख वाचून धनुष्याचा हट्ट धरला आहे. एवढ्या लहान वयात शिकवणे योग्य होईल का? (एक आई, ठाणे)

उत्तर : योग्य होईल, आणि आपण तिला नाही म्हटले नाही याचा मला फार आनंद झाला. मी वर ज्या १५४१ च्या कायद्याचा उल्लेख केला, त्यातच सात ते सतरा वर्षांच्या मुलासाठी घरात एक धनुष्य आणि दोन बाण ठेवण्याची जबाबदारी वडिलांवर टाकलेली होती. तो कायदा मुलग्यांपुरता होता. आज आमच्या सरावाला येणाऱ्या मुली मुलग्यांहून लवकर शिकतात असे मी पाहतो, कारण त्या पहिल्या दिवसापासून दंडाच्या जोरावर विसंबत नाहीत.

लॅटिमरने त्याच प्रवचनात सांगितले आहे की त्याचे वडील त्याचे वय आणि बळ पाहून धनुष्य घेऊन देत, आणि तो जसा वाढे तशी त्याची धनुष्ये मोठी होत. आपणही तेच करावे. अकरा वर्षांच्या मुलीला १२ ते १५ पौंडांचे धनुष्य पुरे. ते तिच्या उंचीइतके लांब असावे आणि हाडे पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे सतरा-अठरा वर्षांपर्यंत, जड धनुष्याचा विषयही काढू नये. विकतचे घेण्याऐवजी तिच्यासोबत बसून बांबूच्या दोन पट्ट्या चिकटवून एक करावे. पट्ट्या आपण तासाव्या, काच पेपर तिच्या हाती द्यावा. डाव्या हाताला चामड्याचा मनगटपट्टा, उजव्या हाताला तीन बोटांचे चामडे, आणि पाच पावलांवर गवताचा जाड भारा, एवढी तयारी झाली की पहिले दोन आठवडे तिला लक्ष्यावर कागदही लावू देऊ नये. डोळे मिटून सोडलेला बाण प्रत्येक वेळी एकाच जागी लागू लागला की मग कागद लावावा. डोळे मिटून सोडताना आपण तिच्या शेजारीच उभे राहावे, आणि प्रत्येक सरावानंतर दोरी उतरवून धनुष्य आडवे टांगण्याचे काम तिच्याकडेच द्यावे.